वेल म्हणजे विहीर

"दारी विहीर असती, तर माझी कंबर शाबूत राहिली असती हो!" नळाच्या रांगेत झिजून गेलेल्या बायकोचं ते बोलणं अंथरुणाला खिळलेल्या काशीरामच्या कानात अजून घुमायचं. अशात दुबईहून भाच्याचं कार्ड आलं, ‘गेट वेल सून’. काशीरामने डिक्शनरी उघडली.

"वेल म्हणजे विहीर! आणि सून तर तूच गो, विमला. घे कुदळ!"

नाहूरच्या चाळीमागे सासरा खणी, सून माती ओढी, हसून हसून चाळ लोळी. चैत्रात पाणी लागलं. गुडघाभर पाण्यातून काशीराम ओरडला, "भाच्याक कळव, विहीर गावली!"

"मामंजी, वेल म्हणजे बरंसुद्धा. ‘लवकर बरे व्हा’ असं लिहिलं होतं त्यांनी."

"मगे आधी कित्याक नाय सांगलंस?"

"सांगितलं असतं, तर उठला असता का तुम्ही?"