ब्रशची चहाडी

"गालाच्या आतल्या पेशींना पुन्हा धूर लागलाय, वामनराव. सिगारेट सोडा!" रोज सकाळी वामनचा दात घासायचा बोलका ब्रश न्हाणीघरातून ओरडायचा आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागायची. काल तर नंदिनीने नवऱ्याला बजावलंच होतं, "उद्या हेच ऐकू आलं, तर मी माहेरी निघाले."

म्हणून आज वामनने ब्रश स्वच्छ धुऊन गुपचूप आईच्या हातात दिला. "माझ्याऐवजी तू घास. तुझं तोंड निर्व्यसनी."

"नको रे, मला आपलं बोटच बरं," आई मागे सरली. ब्रशला ती पहिल्यापासून शिवत नसे. पण लेकाचा संसार मोडायची पाळी आलेली पाहून तिने नाइलाजाने तो तोंडात घातला.

ब्रश जरा घुटमळला. मग खणखणीत आवाजात म्हणाला, "शाबास, वामनराव! टाळूच्या पेशींवर धुराची खूणही नाही. पण हिरडीजवळच्या पेशी पार जाडावल्यात. मशेरी कधीपासून लावता?"

आईने चपळाईने ब्रश वामनच्या हातात कोंबला. तेवढ्यात झारा घेऊन नंदिनी दारात आली. "मशेरी?"

पदराने तोंड पुसत आई सुनेशेजारी जाऊन उभी राहिली. "वामन्या," ती कळवळून म्हणाली, "सिगारेट पुरत नव्हती होय रे?"