चौथा दगड

सकाळपासून तीन दगड सापडले, चौथा काही केल्या सापडेना.

पोस्टमनने रजा टाकली होती. गेले तीन दिवस तो आणि त्याची बायको मिळून प्लॉटवरचं काटेरी रान कापत होते. कोपरांपर्यंत ओरखडे आले, बोटांना फोड आले, पण जमीन मोकळी झाली. उद्या पायाचे खड्डे खणायला माणसं येणार होती, म्हणून आज मोजणीदाराला बोलावलं होतं. त्याने पुन्हा एकदा नकाशा उलगडला, पुन्हा घडी घातली आणि मान हलवली.

"हद्दीचा चौथा दगड मिळाला नाही, तर आहे त्या कुंपणापर्यंतच धरावं लागेल. तुमचे चार फूट जातील."

"चार फुटांनी काय होतं?" पोस्टमनने विचारलं.

"जिना बसणार नाही. नाहीतर मग मागच्या खोलीवर पाणी सोडा."

मागची खोली मुलीची होती. तिची खिडकी कुठे, कपाट कुठे, हे सगळं झुडपं तोडता तोडता दोघांचं बोलून झालं होतं. बायकोने कोयता खाली ठेवला आणि कुंपणापलीकडे नुसती हनुवटीने खूण केली. पलीकडे पत्र्याची शेड होती. आत रंधा चालल्याचा आवाज येत होता.

"दादांना विचारा ना. बाबांनी दगड पुरले तेव्हा सोबत तेच होते."

"मी नाही विचारणार."

"मग मी विचारते."

"तूही नाही."

शेडमध्ये त्याचा थोरला भाऊ होता, सुतार. सहा वर्षं दोघांत अबोला. आईच्या शेवटच्या दुखण्यात कोणी किती केलं, यावरून शब्दाला शब्द वाढला आणि बोलू नये ते दोघेही बोलून बसले. तेव्हापासून पोस्टमन सगळ्या गल्लीला हाका मारून पत्रं द्यायचा, भावाची मात्र फाटकाच्या सळईत खोचून पुढे सटकायचा.

मोजणीदाराने घड्याळ पाहिलं. "मला अजून एका ठिकाणी जायचंय. काय ते लवकर ठरवा."

पोस्टमनने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. उगाच इकडेतिकडे पाहिलं. मग कुंपणाला वळसा घालून शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आतला रंधा थांबला.

"दादा."

सुतार बाहेर आला. भुवयांवर भुसा होता. केस पार पांढरे झाले होते. रोज इथून जाऊनही पोस्टमनला ते आज दिसले.

"चौथा दगड मिळत नाहीये. तुला आठवतंय का कुठे होता?"

सुताराने त्याच्याकडे पाहिलं, मोकळ्या झालेल्या प्लॉटकडे पाहिलं आणि वळून आत निघून गेला. संपलं, असं पोस्टमनला वाटलं. बायकोला काय तोंड दाखवायचं, या विचारात तो परत वळणार, तेवढ्यात आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ पहारीचे घाव. एक, दोन, कितीतरी.

मग सुताराचा आवाज आला. "टेप घेऊन या आत."

तिघेही आत गेले. सुताराने लाकडं कापायचं मोठं बाक भिंतीला सारलं होतं आणि बाकाखालचा सिमेंटचा कोबा फोडला होता. खाली वीतभर मातीत दगड होता. मोजणीदार गुडघ्यांवर बसला. त्याने माती फुंकली, दगडावरची फुली बोटाने चाचपली, दोन्हीकडून टेप लावून पाहिली.

"हाच," तो म्हणाला. मग शेडच्या पत्र्याकडे बघत चाचरला. "म्हणजे ही शेड चार फूट..."

"त्याच्या जागेत आहे," सुतार म्हणाला. "शेड घालतानाच लागला होता दगड. मीच वरून कोबा केला. तेव्हा डोक्यात राग होता. नंतर सांगायला तोंड नव्हतं."

पोस्टमनला वाटलं, आता आपण भडकायला हवं. पण भावाचे तळहात पहारीने लाल झाले होते, आणि पोस्टमनची नजर तिथून हलेना.

"आठवत नाही म्हणाला असतास, तर आम्हाला काय कळणार होतं?"

"तुम्हाला नसतंच कळलं."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पोस्टमनने कोब्याचा एक तुकडा पायाने बाजूला सारला.

"राहू दे शेड. पोटापाण्याचा धंदा आहे तुझा. आम्ही बघू काहीतरी."

बायकोने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

"काय बघणार?" सुतार म्हणाला. "पोरीला जिन्याखाली झोपवणार? तीन दिवस ऐकतोय मी. पत्र्यातून सगळं ऐकू येतं. खिडकी पूर्वेला घ्या, दुपारी खोली तापणार नाही."

त्याने खुंटीवरचा पाना काढला, शिडी पत्र्याच्या भिंतीला लावली आणि चढला. पहिला बोल्ट गंजला होता. सुताराने दात आवळून तो फिरवला. दुसरा लवकर सुटला. तिसरा सुटताच पत्रा करकरत पुढे कलला.

"बघत काय उभा राहिलास?" तो वरूनच ओरडला. "खालून धर!"

पोस्टमन धावला. पत्रा उन्हाने चांगलाच तापला होता. हातांना चटका बसला. त्याने तो छातीशी घट्ट धरला आणि मान वर करून विचारलं,

"पुढचा कुठला?"