बाण घराकडे

पाचला दहा कमी असताना सदोबा घाटग्यांच्या मनगटावरचा मीटर शांतपणे म्हणाला, "रक्त उलटं वाहत आहे. पाच वाजता हृदयाची झडप बंद होईल."

सत्तरीपुढच्या सर्वांना सरकारने झडप बसवली होती, मीटर मात्र घरपोच आला होता, ज्याचा त्यानं बसवायचा. पाणीखात्यातले जुने फिटर सदोबा घामाघूम झाले.

"अहो, मीटरवरचा बाण कुठं केलाय?" त्यांच्या पत्नी शालनबाईंनी विचारलं.

"घराकडं. चाळीस वर्षं तसाच बसवला. इथं घर म्हणजे हृदय."

"मनगटाच्या नाडीत रक्त हृदयाकडून बोटांकडं जातं. फिरवा."

मीटर फिरवताच आकडा सुलटा झाला. सदोबांचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच वरच्या मजल्यांवरून एकेक मीटर बोलू लागला. सकाळी अकरा शेजाऱ्यांचे मीटर त्यांनीच हौसेनं बसवले होते. लिफ्ट बंद होती.