स्कोअररची पोर

बोर्डावरची यादी फाडून मी स्कोअररच्या, म्हणजे पप्पांच्याच, टेबलावर आपटली. हंगामात चेंडू फेकताना कमीत कमी धावा देणाऱ्या पिचर्समध्ये माझा नंबर तिसरा, आणि राज्याच्या बेसबॉल संघात जाणार पहिल्या दोघीच.

“सेमीफायनलला देवयानीच्या हातून तीन सोपे चेंडू सुटले आणि धावा गेल्या. फिल्डरच्या चुकीची धाव पिचरच्या माथी मारत नाहीत, हे तुम्हीच शिकवलं ना? मग त्या धावा माझ्या नावावर कशा?”

पप्पा वही मिटत पुटपुटले, “देवयानीची चूक लिहिली असती, तर लोक म्हणाले असते, बापाने पोरीला वर आणलं.”

“अहो, पण खरं तेच होतं ना!”

मी यादीतल्या वरच्या दोन नावांवर बोट ठेवलं.

“नशीबवान आहेत दोघी. यांच्या बापांना स्कोअर लिहिता येत नाही.”