दोन भोवरे

"ओल्या केसांना कधी कात्री लावू नकोस. वाळू देत, मग त्यांचा स्वभाव कळतो. आणि माझ्यामागे याच्या डोक्याला परका हात लागू देऊ नकोस."

सासूबाईंचे हे शब्द सत्यशीलाबाईंना आज पुन्हा ऐकू आले, कारण समोर जेवायला बसलेल्या आनंदरावांचे केस कुणीतरी कापले होते.

आणि नीट कापले होते. तीच खरी पंचाईत होती.

आनंदरावांचे केस म्हणजे नारळाचा काथ्या. दाट, राठ, आणि वर दोन भोवरे. आखूड केले की ब्रशासारखे उभे राहायचे, लांब ठेवले की डोक्यावर टोप घातल्यासारखे दिसायचे. एकाही न्हाव्याला ते कधी जमले नाहीत. म्हणून लग्नापासून सत्यशीलाबाईच महिन्यातल्या एका रविवारी गॅलरीत स्टूल मांडत आल्या होत्या. पूर्वी खाली दोन वर्तमानपत्रं अंथरावी लागत, अलीकडे एकच पुरे. सलूनचं नावही त्यांना घरात खपत नसे.

आज मात्र ते दोन्ही भोवरे शहाण्या भावंडांसारखे शेजारी शेजारी निजले होते. मागचा भार आतून हलका केलेला, वरून कळतही नव्हतं. केस वाळलेलेच कापले होते, हे त्यांनी टोकांवरून ओळखलं. सलूनवाले तर आधी पाणी मारतात.

"कुठे कापलेत?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"घरात नाही, ते बाहेर. आमटी वाढ."

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या विजयमालाबाईंनी गाठलंच. "अहो, भावजी एकदम तरुण दिसायला लागले की! दोन भोवरे ना त्यांना? माझी आजी म्हणायची, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं."

"तुमच्या आजीला किती होते?" असं विचारून सत्यशीलाबाई वर निघून गेल्या. पण संध्याकाळी त्यांनी देवापुढे दिवा लावला. "माझा संसार राख," एवढंच त्या म्हणाल्या. देवाकडे याहून जास्त मागायची त्यांना सवय नव्हती.

पुढच्या महिन्यात त्यांनी गॅलरीत स्टूल मांडलं. आनंदराव इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"आज राहू दे. तुला उगाच त्रास."

"इतकी वर्षं झाला नाही तो त्रास?"

"म्हणूनच म्हणतो, आता पुरे." त्यांनी स्कूटर काढली.

सत्यशीलाबाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरची रिक्षा केली.

"त्या स्कूटरच्या मागे?" रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "काय काकू, पिक्चर आहे का?"

"तुम्ही रिक्षा चालवा."

"चिडू नका हो. काका इतके हळू चालवतायत, मला मागे राहायला जमेना, म्हणून म्हटलं."

स्कूटर कोथरूडमधून निघाली ती थेट कात्रजच्या एका गल्लीत थांबली. समोर छोटं सलून. त्याच्या काचेवर नटलेल्या नवरीचं भलंमोठं पोस्टर होतं. रस्त्यापलीकडून पोस्टरच्या कडेला आनंदरावांचं डोकं दिसत होतं, आणि त्या डोक्यावर दोन हात. बाईचे. तरणे, हिरव्या काकणांचे. बाकी सगळी नवरीआड.

हातांना घाई नव्हती. एक हात भोवऱ्यावर दाबून ठेवायचा, मग सोडायचा, केस कुठल्या बाजूला उठतात ते बघायचं, आणि तेवढंच कापायचं. पाण्याची बाटली कुणी उचललीच नाही. या केसांची अशी ओळख एका दिवसात होत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना खुपली. आनंदरावांचे ओठ एकदाही हलले नाहीत. केस कापताना माणसं पावसापाण्याचं बोलतात, राजकारणाचं बोलतात. इतकं गप्प कोण बसतं? ज्यांचं बोलून झालेलं असतं, तेच.

शेवटी त्या हातांनी टॉवेलने मान पुसली. मग एक हात खांद्यावर राहिला. आनंदरावांनी त्यावर आपला हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

"वळवा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. येताना रिक्षावाल्याने आरसा वर वळवून ठेवला.

तो महिनाभर गुरुवारचे उपास त्यांनी निर्जळी केले. दिवा लागत राहिला, पोळ्या होत राहिल्या, आणि आनंदरावांचे केस पुन्हा हळूहळू बंड करून उठले. रविवारी त्यांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला, तेव्हा सत्यशीलाबाई दारात उभ्या राहिल्या.

"आज जायचं नाही."

"केस वाढलेत."

"मी आले होते मागे. हात पाहिलेत तिचे."

आनंदराव दचकले नाहीत. फक्त म्हणाले, "हातच पाहिलेस?"

"तेवढे पुरेत. माझं ऐकलं नाहीत, सासूबाईंचं ठेवलं नाहीत. काय बोलता तिच्याशी तासभर?"

"काही नाही."

"देवासमोर सांगा."

आनंदराव देवघराकडे वळले. समईसमोर त्यांनी हात जोडले. "आजवर एक शब्द बोललेलो नाही. ती विचारते, पाणी देऊ का. मी मान हलवतो."

सत्यशीलाबाईंना ते खरं वाटलं, म्हणून जास्तच लागलं. "एक शब्द बोलायचा नाही, मग जाता कशाला?"

आनंदरावांनी स्कूटरची किल्ली उचलली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"पायल त्या सलूनवाल्याशी लग्न करून गेली, त्या दिवशी तू मला इथेच उभं करून शपथ घातलीस, आपली मुलगी मेली, तिच्याशी जन्मात बोलायचं नाही. केस कापून घ्यायचे नाहीत, असं काही म्हणाली नव्हतीस."

आणि आवाज न करता दार ओढून घेऊन ते शपथ पाळायला निघाले.