लवकर लोटा, पाऊस येतोय

"हे वाक्य कुठून आणलंत, आजोबा?" फोनवर अदोंगोने विचारलं. "'लवकर माती लोटा, पाऊस येतोय.' ती विधवा असं म्हणाली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी माझ्या कानांनी ऐकलंय," म्हातारा सेफू म्हणाला.

अदोंगो किसुमूत बसून सरोवराकाठच्या लोकांचं ऑनलाइन वाचनालय चालवायची. लेख कोणीही पाठवावा, तिने तो तपासावा, मग तो सगळ्यांना वाचायला मिळावा. नियमांना मात्र पोरगी भारी कडक. लेख असा हवा की वाचणाऱ्याचा चहा गार झाला पाहिजे. आणि जिवंत माणसाबद्दल त्याला विचारल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही.

सेफू तिकडे लांब मोंबासाला, लिकोनीच्या धक्क्यामागे एका खोलीत राहायचा आणि कोळ्यांची जाळी दुरुस्त करून द्यायचा. जन्माने सरोवराकाठचा, लुओ जमातीचा, पण इथे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. सेफू हे नावसुद्धा धक्क्यावरच्यांनीच चिकटवलेलं. संध्याकाळी मक्याच्या उगालीचा गोळा आणि सुके ओमेना मासे ताटलीत घ्यायचे, फोन तांब्याला टेकवायचा आणि आपल्या लेखांखाली कोणी काय लिहिलंय ते वाचत जेवायचं, हाच त्याचा गोतावळा. होड्यांवर, जाळ्याच्या गाठींवर, सरोवरातल्या वाऱ्यांवर तो लिहायचा. कुणी 'छान, आजोबा' एवढं लिहिलं तरी त्याला घास गोड लागे.

शेजारची झुहुरा विकायच्या महामरी, म्हणजे गोड पुऱ्या, तळता तळता टोमणा मारायची, "सेफूबाबा, आता त्या फोनशीच निकाह लावून टाका!"

तो हसायचा आणि दार लावून घ्यायचा. खोलीत फार एकटं वाटायचं.

हा लेख मात्र वेगळा होता. सरोवरात बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही, तर त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबोडकं, जड फळ पुरतात, त्या रीतीवरचा. उदाहरण ओगोला नावाच्या कोळ्याचं. वादळात होडी उलटली, ओगोला काही सापडला नाही. वाट पाहून पाहून घरच्यांनी शेवटी त्याचा निळा सदरा यागोला गुंडाळला आणि अंगणात खड्डा खणला. पुढे सेफूने लिहिलं होतं, 'एकदा माती पडली की मागे फिरणं नाही. मग तो माणूस दारात येऊन उभा राहिला, तरी ते भूतच.'

"हे झकास जमलंय," अदोंगो म्हणाली. "माझा चहा गार झाला बघा. पण तुम्ही खरंच होता तिथे?"

"होतो. कुंपणाजवळ उभा होतो. पोचायला उशीर झाला."

"ओगोला तुमचा कोण?"

"त्या होडीत मीही होतो, पोरी."

"अगं बाई! म्हणजे तुम्ही वाचलात?"

"वाचलो म्हणायचं."

"मग हे लेखात घाला," अदोंगो म्हणाली. " लिहिणारा कुठे उभा होता, ते वाचणाऱ्याला कळायला हवं. आणि रागावू नका, पण तुमचा ओगोला अगदीच देवमाणूस झालाय. काहीच खोट नव्हती का त्याच्यात?"

सेफूने मांडीवरच्या जाळ्याची एक गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

"प्यायला की बायकोवर हात उचलायचा," तो म्हणाला. "घालायलाच हवं का ते?"

"गोड लेख आणि खरा लेख यात खराच निवडायचा, आजोबा."

"घालतो."

"आणि तो पाऊस? त्या वर्षी दुष्काळाने गुरं मेली म्हणतात. पाऊस कुठला आणलात?"

"ती म्हणाली ते लिहिलं. आभाळाकडे बघायला मी भानावर होतो कुठे?"

ओगोलाची बायको अविनो अजून त्याच घरात होती. अदोंगो स्वतः जाऊन तिला लेख वाचून दाखवणार होती. तिने नको म्हटलं तर लेख रद्द.

"आणि हो म्हणाली तर," सेफू म्हणाला, "लिहिणाऱ्याला एकदा भेटशील का, विचार. मी रात्रीच्या बसने येईन म्हणावं."

"एका लेखासाठी एवढा खटाटोप?"

"मला कुठेच घर नाही गं, पोरी. तिने नुसतं ये म्हटलं, तरी मरायच्या आधी जायला एक दार होईल."

त्या आठवड्यात त्याने दाढी केली, चपला शिवून घेतल्या आणि धक्क्यावरच्या शिंप्याकडून नवा निळा सदरा शिवून आणला. झुहुराने कढईवरून मान वर करून विचारलं, "कुणाची वरात, बाबा?"

"माझीच," तो म्हणाला. तिने आनंदाने दोन महामरी त्याच्या हातावर ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत.

फोन आला तेव्हा तो नवा सदरा घालूनच बसला होता.

"परवानगी मिळाली!" अदोंगो म्हणाली. "सगळा लेख अगदी शांत बसून ऐकला तिने. हात उचलायचा, त्या वाक्याला म्हणाली, लिहिणाऱ्याने हे कबूल केलं ते बरं केलं."

सेफूने डोळे पुसले. "आणि मी? येऊ?"

"ते विचारलं. त्यावर काही बोलली नाही. फक्त एक दुरुस्ती सांगितली, आणि ती छापलीच पाहिजे म्हणाली." अदोंगोचा आवाज एकदम खाली आला. "तिच्याच शब्दांत सांगते, आजोबा. 'माती लवकर लोटा असं मी म्हणाले, ते खरं. पण त्या दिवशी पाऊस येत नव्हता. कुंपणातून माझा नवरा येत होता.'"