पहिल्या रांगेतली जागा

"लाईन जाऊ दे, लाईन जाऊ दे," संघपाल मनातल्या मनात म्हणून राहिला होता. रोज आठ-आठ तास अंधार. आज मात्र तिवस्यात लाईन अशी टिकून, जशी काही रजियाबीच्या घरची पाहुणीच!

रजियाबीच्या आंगणात सारा मोहल्ला जमला होता. नवी पोलिसवाली मालिका, आज पहिला भाग, आन् तिच्यात रजियाबीचा सरफराज! संघपाल एकदम पुढं, सतरंजीवर. मागं बसला असता तं कवाच सटकला असता. पण सकाळी सरफराजचा मुंबईहून फोन आला होता, "संघपालले पहिल्या रांगेत बसवजा." मले जळवाले, दुसरं काय!

गावच्या नाटकात हिरो कोण? संघपाल. सरफराज त्याच्या मागं भाला धरून उभा. दोघांनी मालिकेवाल्यांले संगच फोटो पाठवले. दोघांनीही खाली एकच नंबर लिहिला, संघपालच्या एसटीडी बूथचा. साऱ्या मोहल्ल्याचे निरोप तिथंच येत. फोन आला की बूथवाल्यानं उठायचं आन् घरी जाऊन सांगायचं. एरवी फोन आला म्हणजे कोण्या गावची मयतच. बायका संघपालले येताना पाहूनच घाबरत.

एका सोमवारी मात्र खुशीचा फोन आला. "सरफराजला गुरुवारी अकोल्याला पाठवा. मालिकेसाठी निवड चाचणी आहे."

संघपालचं नावच नाही!

संध्याकाळी सरफराजनं विचारलं, "माहा काही फोन?"

संघपालनं डाव्या कानाची पाळी ओढली. मीटरकडं पाह्यलं. "नाही बा. आला असता तं सांगतलं नसतं का?"

बुधवारी फोन पुन्हा आला. बूथवर संघपालची माय होती, भागीरथाबाई. चपला न घालता धावत गेली आन् निरोप देऊन आली. सरफराज गुरुवारी अकोल्याले गेला, निवडल्या गेला. काही बोलला नाही. म्हणजे सोमवारचं त्याले माहीत नाही, असंच संघपाल धरून होता. रजियाबी तं आजही साऱ्यांले सांगे, "या संघपालच्या फोननं माह्या पोराचं भलं केलं."

टीव्हीवर खून झाला.

"मुडद्याची पापणी हालली वं!" आशाबाई ओरडली.

"आन् इन्स्पेक्टरचा पट्टा पाहा," रिटायर जमादार नत्थुजी म्हणाला. "कंगवा काय फिरवून राहिला बे? पंचनामा कर ना!"

सारे हासले. संघपालले जरा थंड वाटलं. "दोन भागात बंद पडते पाहा," तो म्हणाला.

तेवढ्यात सरफराज दिसला. मेलेल्याचा जिगरी दोस्त. किराणा दुकान, गल्ल्यावर फोन. खुनाच्या आदल्या दिवसाचा सीन. मरणारा दोस्त दुकानात येऊन विचारते, "माहा काही फोन?"

पडद्यावरच्या सरफराजनं डाव्या कानाची पाळी ओढली. तराजूकडं पाह्यलं.

"नाही बा. आला असता तं सांगतलं नसतं का?"

नत्थुजी उठून उभाच राह्यला. "हाच! लिहून घ्या, खुनी हाच! तीस वर्षं खाकी घातली मी. असे लय पाह्यले."

"या अल्ला!" रजियाबी हासून हासून डोळे पुसत होती. "इतका झूठा चेहरा? कहां से सीका रे मेरा बच्चा?"

टाळ्याच टाळ्या! पहिल्याच भागात पोरानं मैदान मारलं. जाहिरात लागली. संघपाल पहिल्या रांगेत दगडासारखा बसून. मागं सरकाले जागा नव्हती.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं. त्याची माय. ती टीव्हीकडं पाहतच नव्हती.

"संघपाल," ती म्हणाली, "त्या बुधवारच्या पहिले सरफराजसाठी फोन आला होता का रे?"

"नाही वं माय."

नत्थुजी उभ्याउभ्याच वळला.

लाईन लख्ख होती, आन् संघपालचा हात डाव्या कानावर.